वंशावळीतून गळलेले जवान

कुलवृत्तांत व वंशावळी छापण्याची हौस आपल्या मराठा समाजात वाढत चालली आहे, ही आनंदाची गोष्ट होय. कोणत्या पूर्वजाने वतन मिळविले, कोण मामलेदार झाला, कोणी मुंबईस जाऊन नाव काढले, ह्यांची नोंद त्यांत आस्थेने केलेली असते. परंतु अशा वंशावळी चाळताना एक उणीव सतत जाणवते. विशी-बाविशीत पलटणीत भरती झालेला आणि परमुलखातील रणांगणावर पडलेला गरीब घरचा तरुण त्यांत बहुधा नसतोच; असलाच तर त्याच्या नावापुढे ‘निर्वंश’ एवढा एकच शब्द असतो. ज्याच्या मागे पुत्र नाही त्याची शाखा खुंटली, आणि शाखा खुंटली की पुढच्या प्रतीत नावही गळावयाचे, असा हा क्रम आहे. ज्याने घराण्यासाठी सर्वांत अधिक दिले त्याच्याच वाट्याला सर्वांत कमी शाई यावी, हे न्यायाचे नाही.

उदाहरणादाखल आपल्या समाजास ललामभूत झालेल्या एका जवानाचे चरित्र पाहू. नाईक यशवंत घाडगे ह्यांचा जन्म १९२१ साली माणगाव तालुक्यातील पळसगाव येथे झाला. हा मुलूख तेव्हा कुलाबा जिल्ह्यात मोडत असे. १९८१ पासून तो रायगड जिल्हा म्हणून ओळखला जातो. दुसऱ्या महायुद्धात ते पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीबरोबर इटलीत गेले. ता. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या कंपनीने शत्रूच्या बळकट ठाण्यावर चाल केली. अगदी जवळून मशीनगनचा मारा सुरू झाला आणि घाडगे ह्यांच्या हाताखालील तुकडीतील एकूण एक जवान ठार अथवा जखमी झाला. आपल्यामागे आता कोणी उरले नाही हे पक्के ठाऊक असताही ते एकटे पुढे धावले. हातबाँब टाकून त्यांनी मशीनगन बंद पाडली, एकास गोळी घातली, आणि बंदूक पुन्हा भरण्यास अवधी नाही असे पाहून तीच नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिच्या प्रहारांनी लोळविले. इतक्यात दडून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांना लागल्या व जिंकलेल्या ठाण्यातच त्यांनी देह ठेवला. वय अवघे बावीस वर्षांचे. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला.

घाडगे ह्यांच्या देहाचे विश्रांतिस्थान अज्ञात आहे. इटलीतील कॅसिनो येथील स्मारकावर, ज्यांच्या समाधीचा ठावठिकाणा नाही अशा चार हजारांहून अधिक सैनिकांबरोबर, त्यांचे नाव कोरलेले आहे. माणगावी त्यांचा पुतळा आहे. इतकेच नव्हे, तर इटलीतील मोंतोने ह्या गावाने जुलै २०२३ मध्ये त्यांच्या नावे एक सूर्यघटिका उभारली आणि तीवर सर्व माणसे एकाच सूर्याखाली राहतात अशा अर्थाचे लॅटिन वचन कोरले. परक्या गावाने ऐंशी वर्षांनी केलेले हे स्मरण पाहून कोणाचाही ऊर भरून येईल.

परंतु येथेच मनात एक प्रश्न उभा राहतो. त्या क्षणी घाडगे ह्यांच्या तुकडीतील जे जवान मशीनगनपुढे पडले, त्यांचे काय? त्यांच्या पराक्रमाच्या सरकारी वर्णनात ह्या सोबत्यांची नावे नाहीत. त्यांचीही घरे अशाच एखाद्या वाडीत असतील, त्यांच्याही आया अंगणात टपालवाल्याची वाट पाहत असतील. एकाचे नाव पदकाने राखले. बाकीच्यांची नावे राखणे हे त्यांच्या घराण्यांचेच काम होते.

ही मुले पलटणीत का गेली, हेही सांगितले पाहिजे. कोकणातील वरकस जमीन, एकच भाताचे पीक, त्यांतून खोताचा हिस्सा, आणि घरात खाणारी तोंडे दहा. तेव्हा एक भाऊ नांगर धरी, दुसरा मुंबईस गिरणीत जाई व तिसरा पलटणीत. पहिल्या महायुद्धाच्या आरंभी साध्या शिपायाचा पगार महिना ११ रुपये होता. त्यांतून आलेल्या मनीऑर्डरीवर घराचे छप्पर शाकारले जाई, बहिणीचे लग्न उरके, सावकाराचे व्याज भागे. शौर्याची परंपरा खरी. पण तिच्या जोडीला दारिद्र्यही होते, हे लपविण्यात काही भूषण नाही.

त्या पहिल्या युद्धातील पिढीची उपेक्षा तर अधिकच झाली. मेसोपोटेमियात कूत-अल-अमारा येथे डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत जी फौज वेढ्यात अडकली, तींत १०३, ११० व ११७ ह्या तीन मराठा पलटणी होत्या. अन्न संपले, शरणागती झाली, आणि पुढे कैदेतील वाटचालीत व छावण्यांत कित्येकांनी प्राण सोडले. बसरा येथील स्मारक त्या मोहिमेतील ४० हजारांहून अधिक मृतांचे आहे. तेथे गोऱ्या शिपायांची नावे कोरली गेली. हिंदी शिपायांची मात्र पलटणवार केवळ संख्या लिहिली गेली. ह्या स्मारकांची व्यवस्था पाहणाऱ्या राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने एप्रिल २०२१ मध्ये अशा पक्षपाताची जाहीर कबुली देऊन क्षमा मागितली. आम्ही शिक्षक मंडळी मुलांकडून लढायांचे सन आणि मृतांचे आकडे पाठ करून घेतो. पण आकड्याला आई नसते, नावाला असते, हे सांगावयाचे राहून जाते.

आपल्याकडेही गावोगावी त्या युद्धाच्या संगमरवरी पाट्या आढळतात. ह्या गावातून इतके लोक गेले, पैकी इतके कामी आले, एवढाच त्यांवर मजकूर. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे ह्या एकाच गावाचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात पडले; ‘अपशिंगे मिलिटरी’ हे गावाचे नावच त्याची साक्ष देते. हा वारसा केवळ आपल्या ज्ञातीचा आहे असेही कोणी समजू नये. १९१७ साली उभारलेली १११ महार पलटण १९२१ मध्ये मोडण्यात आली. त्या घरांतील आठवणीही तितक्याच मोलाच्या आहेत.

सुदैवाने शोधाची साधने अद्याप आहेत. आयोगाच्या नोंदवहीत शिपायाचा क्रमांक, पलटण व मृत्यूची तारीख मिळते. पुष्कळदा बापाचे नाव व गावही असते. मात्र इंग्रजी लिपीत नावे वेडीवाकडी उतरली आहेत. यशवंताचा तेथे ‘येशवंत’ झाला आहे. तेव्हा एका रूपाने नाव न सापडल्यास दुसऱ्या रूपाने पाहावे. पहिल्या युद्धातील पदकाच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, नाव व पलटण कोरलेली असे. मृताच्या वारसास नाव असलेली ब्राँझची वाटोळी थाळीही, सुमारे बारा सेंटिमीटर व्यासाची, पाठविली जाई. असे काही माळ्यावरच्या पेटीत असेल तर ते मोडीत घालू नये. पेन्शनचे जुने कागद, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, बेळगावचे पलटणीचे केंद्र, आणि मुख्य म्हणजे घरातील वृद्ध स्त्रियांची स्मृती, ह्यांचा उपयोग करून घ्यावा. ह्यांतील शेवटचे साधन सर्वांत लवकर नाहीसे होणारे आहे.

म्हणून सर्व ज्ञातिबंधुभगिनींस माझी नम्र विनंती आहे की, प्रत्येक कुटुंबाने आपली वंशावळ पुन्हा एकदा उघडावी. जेथे ‘निर्वंश’ असा शेरा असेल तेथे तो खोडून त्या जवानाचे नाव, आईबापांचे नाव, वाडी, पलटण, क्रमांक, मृत्यूची तारीख व ठिकाण, आणि त्याच्या पाठीमागे पत्नी राहिली असल्यास त्या माउलीचेही नाव लिहावे. ज्याच्या मनीऑर्डरीवर भावंडे वाढली, त्या भावंडांची नातवंडे आज ही स्मरणिका वाचीत आहेत. मग तो निर्वंश कसा? आपण सारे त्याचाच वंश आहोत.