सायकल, कॅमेरा आणि साक्षीदार

पाडव्याला लेक बापाला ओवाळते आणि बाप तबकात ओवाळणी घालतो, अशी आपली रीत. चार वर्षांपूर्वी आमच्या मिसिसागाच्या घरी ही रीत उलटी झाली. ओवाळून झाल्यावर लेकीनेच तबकात एक खोकं ठेवलं. उघडून बघतो तर काडेपेटीपेक्षा जरासा मोठा कॅमेरा आणि तो सायकलच्या हँडलला बसवायची पकड. "बाबा, हा लावल्याशिवाय तू लेकशोअरवर जायचं नाहीस," तिने फर्मान काढलं.

माझा डावा हात तेव्हा प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला होता. सप्टेंबरातल्या एका रविवारी सकाळी पोर्ट क्रेडिटच्या पुढे लेकशोअर रोडवर मागून आलेल्या गाडीचा आरसा माझ्या कोपराला लागला आणि मी कडेच्या खडीत आडवा झालो. मनगट मोडलं. गाडीवाला थांबला, पाणीही दिलं त्याने. पण पोलीस आल्यावर म्हणाला, "हेच मध्ये आले." मी म्हणालो, मी सरळ चाललो होतो. तेवढ्या वेळात पन्नासेक गाड्या गेल्या असतील. एकही थांबली नाही. शेवटी विमा कंपनीचं पत्र आलं, की दोघांची विधाने परस्परविरोधी असून स्वतंत्र साक्षीदार उपलब्ध नाही.

ते वाचल्यावर मला वडिलांची आठवण झाली. १९७४ साली अलका टॉकीजच्या चौकात एका टेम्पोने त्यांच्या सायकलचं मागचं चाक चेपलं होतं. टेम्पोवाला उलट त्यांच्यावरच ओरडत होता. तेवढ्यात कोपऱ्यावरचा रसवंतीवाला हात पुसत आला आणि म्हणाला, "मी बघितलंय सगळं. मास्तर डाव्या अंगानेच चालले होते." झालं! टेम्पोवाल्याने मुकाट्याने चाकाचे पैसे मोजले. वडील ही गोष्ट पुढे शंभर वेळा सांगत, आणि शेवटी म्हणत, "रस्त्यावर चार डोळे असले की माणूस सरळ वागतो." लेकशोअरवर मला रसवंतीवाला मिळाला नाही.

तरीही कॅमेरा लावायला मी तयार नव्हतो. सायकलवर कॅमेरा हे आजकालच्या पोरांचं खूळ, असं माझं ठाम मत होतं. पण हात गळ्यात असताना माणसाकडे वेळच वेळ असतो. लायब्ररीतून पुस्तकं आणून चाळायला लागलो, आणि लक्षात आलं की हे खूळ माझ्या आजोबांपेक्षाही जुनं आहे.

जॉन केम्प स्टार्ली या इंग्रज गृहस्थाने १८८५ साली दोन सारख्या चाकांची, साखळीची 'रोव्हर' सायकल काढली. आपण आज चालवतो तिची ही पणजी. १८८८ साली बेलफास्टच्या जॉन डनलॉपने हवा भरलेल्या टायरचं पेटंट घेतलं. मूळ खटाटोप लेकाच्या तीनचाकीसाठी होता. आणि त्याच १८८८ साली जॉर्ज ईस्टमनने पहिला कोडॅक कॅमेरा बाजारात आणला. शंभर फोटोंची गुंडाळी आत भरलेली. ती संपली की कॅमेराच रॉचेस्टरला पाठवायचा. तिथे फोटो छापून, नवी गुंडाळी भरून तो परत यायचा. हे रॉचेस्टर म्हणजे आपल्याच लेक ऑन्टारिओच्या पलीकडच्या काठावरचं. म्हणजे सामान्य माणसाला झेपेल अशी सायकल आणि सामान्य माणसाला झेपेल असा कॅमेरा ही जवळजवळ जुळी भावंडं.

भावंडांची लगेच गट्टीही जमली. १८९० च्या दशकात सायकलचं वेड शिगेला पोहोचलं, आणि कॅमेरे बनवणाऱ्यांनी हे गिऱ्हाईक बरोबर हेरलं. घडी घालून चामड्याच्या पेटीत बसणारे आणि सायकलला पट्ट्याने बांधता येणारे कॅमेरे खास 'सायकल कॅमेरे' म्हणून विकले जाऊ लागले. रॉचेस्टरमध्येच 'सायकल पोको' नावाचा एक कॅमेरा निघत असे. ईस्टमन स्वतःही हौशी सायकलस्वार होता.

आता आपल्या गावाकडे येऊ. १८९९ साली अमेरिकन सायकल कंपन्यांची युती कॅनडात घुसू लागली. तिला तोंड द्यायला इथले पाच कारखानदार एकत्र आले आणि टोरांटोत 'कॅनडा सायकल अँड मोटर' म्हणजे सीसीएम कंपनी निघाली. आपल्या मुलांच्या हॉकीच्या स्केट्सवर जे नाव असतं, तेच हे. आणि त्याच १८९९ साली टोरांटोतच कॅनेडियन कोडॅक कंपनीची स्थापना झाली. पुढे दोघींना जागा अपुरी पडू लागली. १९१० च्या दशकात कोडॅकने माउंट डेनिसला एग्लिंटनजवळ मोठा कारखाना उभारला आणि सीसीएम वेस्टनला लॉरेन्स अ‍ॅव्हेन्यूवर गेली. नकाशा काढून पाहिला तर दोन्ही जागा वेस्टन रोडच्या आसपास, एकमेकींपासून जेमतेम दोन-तीन किलोमीटरवर!

प्लास्टर निघाल्यावर मी सौ.ला घेऊन मुद्दाम गेलो. तिला वाटलं होतं जेवायला नेतोय. सीसीएम १९८३ मध्ये दिवाळखोरीत निघाली; नाव दुसऱ्यांनी घेतलं, पण कारखाना गेला. कोडॅकचा कारखाना २००५ मध्ये बंद पडला. त्यातली नऊ नंबरची इमारत तेवढी वाचली. कामगारांच्या करमणुकीसाठी बांधलेली ती इमारत एग्लिंटनच्या रेल्वेकामासाठी अख्खीच्या अख्खी उचलून बाजूला सरकवली, नंतर परत जागेवर आणली आणि माउंट डेनिस स्टेशनात सामावून घेतली. तिच्यासमोर उभं राहून मनात आलं, की कितीतरी घरांत या एकाच रस्त्याकाठची सायकल असेल आणि त्या सायकलवरच्या मुलाचा फोटो निघाला तो कॅमेराही.

आपली माणसंही यात मागे नव्हती बरं का! त्याच १८९९ साली मुंबईत सावेदादा म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी हँगिंग गार्डनमधली कुस्ती चलच्चित्रात टिपली. आणि १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईतून सहा पारशी तरुण सायकलने जगप्रदक्षिणेला निघाले. त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे सुमारे ७१ हजार किलोमीटर तुडवून मार्च १९२८ मध्ये परतले. त्यांच्या प्रवासाचं पुस्तक १९३१ साली निघालं. त्यांच्या सफरीचे फोटो बघताना मला एक गोष्ट जाणवली. बहुतेक फोटोंत सायकली थांबलेल्या आहेत. माणसं बाजूला हँडल धरून उभी. साहजिकच आहे. फोटो काढायचा तर उतरायला हवं. सायकल कॅमेऱ्याला वाहून नेत होती, पण सायकलवरून काय दिसतं ते कॅमेऱ्याला दिसत नव्हतं.

ते दिसायला आणखी साठ वर्षं जावी लागली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियाच्या मार्क शुल्झने मोटारसायकलच्या हेल्मेटवर व्हिडिओ कॅमेरा बसवला, त्याची वायर पाठीवरच्या पिशवीतल्या व्हीएचएस रेकॉर्डरला जोडली आणि तेवढं ओझं घेऊन डोंगरउतारावर सायकल हाणली! २००४ मध्ये निक वुडमनच्या गोप्रो कंपनीचा पहिला कॅमेरा आला. तो चक्क ३५ मिलिमीटर फिल्मचा होता आणि मनगटाला बांधायचा. पुढे दहाएक वर्षांत असे कॅमेरे व्हिडिओ काढू लागले आणि हेल्मेटांवर, हँडलांवर जाऊन बसले.

इथेही आपल्या शेजारचा एक माणूस फार आधी पोहोचला होता. स्टीव्ह मान, जन्म हॅमिल्टनचा, पुढे टोरांटो विद्यापीठात प्राध्यापक. अंगावर वागवायचे कॅमेरे आणि संगणक तो १९७० च्या दशकाच्या शेवटापासून स्वतःच बनवत होता. त्याने एक फ्रेंच धाटणीचा शब्द रूढ केला: सूव्हेलन्स. दुकानाच्या छतावरचा कॅमेरा वरून खाली पाहतो. साध्या माणसाच्या अंगावरचा कॅमेरा खालून वर पाहतो. हे वाचलं आणि मला एकदम रसवंतीवाला आठवला. तोही खालूनच बघत होता की!

रस्त्यांचाही इतिहास गमतीचा आहे. चांगले रस्ते हवेत म्हणून इथे आधी आरडाओरडा केला तो सायकलवाल्यांनी. टोरांटोचे डॉक्टर पेरी डूलिटल तरुणपणी नावाजलेले सायकलपटू होते. पुढे ते मोटारवाल्यांच्या राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष झाले आणि १९२५ साली फोर्डच्या छायाचित्रकाराला सोबत घेऊन मॉडेल टी गाडीतून हॅलिफॅक्सहून व्हँकूव्हरला गेले. मी जिथे पडलो तो लेकशोअर रोडही त्याच काळात, १९१४ ते १९१७ मध्ये, टोरांटो-हॅमिल्टन महामार्ग म्हणून काँक्रीटचा झाला. रस्ता मागितला सायकलींनी, मिळाला गाड्यांना. सायकलला ओलांडताना शक्य तिथे किमान एक मीटर अंतर ठेवा, हा कायदा ऑन्टारिओत यायला १ सप्टेंबर २०१५ उजाडला. पण ते मीटर मोजणार कोण?

तर असा सगळा अभ्यास करून, म्हणजे लेकीपुढे हार मानून, वसंतात मी कॅमेरा लावला. अनुभवाचे चार शब्द सांगतो. हेल्मेटवरचा कॅमेरा तुम्ही मान वळवाल तिकडे बघतो. हँडलवरचा फक्त समोर बघतो आणि खड्ड्यांत थरथरतो. भिंग रुंद असल्याने जवळची गाडीही लांब दिसते, त्यामुळे तो एक मीटर चित्रात दीड वाटतो. कार्ड भरलं की जुनं पुसून त्यावर नवं चढतं, म्हणून काही घडलं तर घरी येताच उतरवून घ्यावं. थंडीत बॅटरी लवकर मान टाकते. आणि नोव्हेंबरात घड्याळं मागे केली की कॅमेऱ्याचंही करावं, नाहीतर साक्षीदार एक तास खोटं बोलतो.

जूनमध्ये एका चौकात एका बाईंनी मला कट मारली, असं मला वाटलं. मी ओरडलो, त्याही ओरडल्या. घरी येऊन विजयी मुद्रेने लेकीला म्हणालो, "लाव आता पुरावा." लावला. सगळ्यांनी पाहिलं. स्टॉपच्या पाटीपाशी मी थांबलोच नव्हतो! पाय टेकल्याचं मला स्पष्ट आठवत होतं. चित्रात चाक फिरतच होतं. वर माझ्या तोंडचे दोन अस्सल पुणेरी शब्द खणखणीत ऐकू येत होते. सौ. काही बोलली नाही, हे विशेष. लेक एवढंच म्हणाली, "बाबा, तो सगळ्यांचाच साक्षीदार असतो."

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. सप्टेंबरातही मी सरळच चाललो होतो ना? मला अजूनही वाटतं, हो. पण आता मी ते पूर्वीइतक्या मोठ्या आवाजात सांगत नाही. त्या गाडीवाल्यालाही कदाचित त्याचं खरंच वाटत असेल.

वडिलांचा सायकलबरोबर एकच फोटो आहे. वाड्याच्या दारात, हँडल धरून उभे, शर्ट खोचलेला, फोटोग्राफरने सांगितल्यामुळे श्वास रोखलेला. चाळीस वर्षं ते त्या सायकलवरून शाळेत गेले. लकडी पुलावरून त्यांना सकाळी काय दिसत होतं, ते कुठेच नोंदलेलं नाही.

स्टॉपच्या पाटीचं चित्रण मी पुसून टाकणार होतो. लेकीने पुसू दिलं नाही. आता त्या पाटीपाशी मी पाय टेकतो. चांगला, दोन सेकंद.