गुन्हेगार : जन्माचा कीं परिस्थितीचा?

पुनःपुन्हां हिंसा करणारा मनुष्य जन्मतःच तसा असतो, कीं परिस्थिति त्यास तसा घडविते, हा वाद जुना आहे. त्याचीं दोन उत्तरें आपल्या महाराष्ट्रांतच, परस्परांपासून फारशा दूर नसलेल्या दोन ठिकाणीं, प्रत्यक्ष आचरणांत आलीं होतीं. त्यांचें स्मरण आम्हांस आजहि उपयुक्त वाटतें.

पहिलें उत्तर कायद्याचें. १८७१ सालीं इंग्रज सरकारनें गुन्हेगार जमातींचा कायदा केला. सुतार जसा पिढीजात, तसा चोरहि पिढीजात, हें त्याच्या मुळाशीं असलेलें गृहीत. पुढें १८७६ सालीं लोंब्रोसो या इटालियन वैद्यानें कवटीच्या घडणीवरून जन्मजात गुन्हेगार ओळखतां येतो असें प्रतिपादन केलें, तेव्हां अशा समजुतीस शास्त्राचाहि टेकू मिळाला. सोलापुरास तारेच्या कुंपणांत वसाहत उभी राहिली. पारधी, कैकाडी इत्यादि कुटुंबांनीं नेमल्या वेळीं हजेरी द्यावी, परवानगीवांचून बाहेर जाऊं नये, असा तेथील नियम. ज्याच्या हातून कांहींच घडलें नव्हतें, तें तान्हें मूलहि कुंपणाच्या आंतच वाढे.

दुसरें उत्तर औंध संस्थानाचें. १९३९ सालीं राजे भवानराव पंतप्रतिनिधि यांच्या पाठिंब्यानें व मॉरिस फ्रिडमन या पोलिश एंजिनियराच्या पुढाकारानें आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसलें. गंभीर गुन्ह्यांची शिक्षा झालेले कैदी तेथें उंच भिंतींवांचून राहूं लागले, शेती करूं लागले. बायकामुलेंहि त्यांच्याजवळ राहूं शकत. व्ही. शांताराम यांच्या १९५७ सालच्या ‘दो आंखें बारह हाथ’ या बोलपटास याच प्रयोगापासून स्फूर्ति मिळाली.

तथापि विश्वास टाकला म्हणजे प्रत्येक हिंस्र मनुष्य सुधारतो, असें म्हणणें भाबडेपणाचें होईल. खुल्या तुरुंगांत कैदी निवडूनच पाठवितात. टेरी मॉफिट या मानसशास्त्रज्ञ विदुषींनीं १९९३ सालीं असें मांडलें कीं, बहुतेकांचें दुर्वर्तन पौगंडावस्थेपुरतें असतें. बालपणापासून प्रौढपणापर्यंत ज्यांचें तें टिकतें अशीं माणसें थोडीं. त्यांच्या ठायीं मज्जासंस्थेंतील लहानपणापासूनचें वैगुण्य आणि घरांतील मारहाण व हेळसांड यांची गांठ पडलेली असते. म्हणजे जन्माचा वांटा मुळींच नाहीं असें नव्हे. परंतु तो व्यक्तीपुरता, जातीचा नव्हे. उपचारहि जितक्या लवकर, म्हणजे आईबापांस मूल हाताळण्याचें शिक्षण देण्यापासून, सुरू व्हावा तितका बरा. प्रौढपणीं तो दीर्घ व अवघड होतो.

१९५२ सालीं तो कायदा रद्द झाला. परंतु गांवांत चोरी झाली कीं प्रथम बोट पालांकडे जातें. आपल्या घरचें मूल मारकुटें निघालें तर आपण कारण शोधतों, वैद्याचा सल्ला घेतों. पालावरच्या मुलाची मात्र जात विचारतों. हा भेद जोंवर सुटत नाहीं, तोंवर १८७१ चा कायदा खरोखरच रद्द झाला असें आम्हांस म्हणवत नाहीं.