‘खुकरी’, ‘गाझी’ आणि अपुरे खुलासे

(विशेष प्रतिनिधी)

कुसगाव (ता. मावळ) : द्रुतगती मार्ग कुसगावजवळ सोडून लोणावळ्यात शिरणारा आणि पुढे भुशी धरणाकडे जाणारा पर्यटक ‘आयएनएस शिवाजी’च्या परिसराजवळून जातो. समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या माथ्यावर नौदलाचा तळ कशासाठी, असा प्रश्न अनेकांना पडतो. १५ फेब्रुवारी १९४५ रोजी ब्रिटिश अमदानीत सुरू झालेली ही संस्था नौदलाच्या यांत्रिकी विभागाची शाळा आहे. बॉयलर, टर्बाइन आणि इंजिने सांभाळणारे मनुष्यबळ येथे घडते. युद्धनौकेला पाणतीर लागतो तेव्हा सर्वांत खालच्या मजल्यावर असलेला हाच वर्ग सुटकेच्या वाटेपासून सर्वांत लांब असतो. त्यामुळे ‘एखादी नौका का बुडाली’ या प्रश्नाचे सरकारी उत्तर कितपत पटण्याजोगे आहे, याची चर्चा मावळात अस्थानी ठरू नये.

भारत-पाकिस्तान यांच्यातील १९७१ च्या युद्धात सागरी आघाडीवर दोन घटना अशा घडल्या, की त्यांचे अधिकृत स्पष्टीकरण आजही निर्विवाद मानले जात नाही. एकीत आपली हानी झाली, दुसरीत शत्रूची. पहिली अरबी समुद्रात, दुसरी बंगालच्या उपसागरात. गंमत अशी, की शंका घेणाऱ्यांत बाहेरच्यांपेक्षा सैन्यदलांतून निवृत्त झालेले अधिकारीच आघाडीवर आहेत.

दीवजवळची ती रात्र

‘आयएनएस खुकरी’ ही इंग्लंडमध्ये बांधलेली, १९५८ मध्ये नौदलात दाखल झालेली पाणबुडीविरोधी फ्रिगेट. ‘कृपाण’ आणि ‘कुठार’ या भगिनी नौकांसह ती मुंबईच्या पश्चिमी ताफ्यातील चौदाव्या फ्रिगेट तुकडीत होती. युद्धाच्या पहिल्या आठवड्यात सौराष्ट्राच्या किनाऱ्यालगत पाकिस्तानी पाणबुडी वावरत असल्याचे तिच्या बिनतारी संदेशांवरून लक्षात आले. तिचा शोध घेऊन नाश करण्याची कामगिरी या तुकडीवर सोपविण्यात आली. ‘कुठार’ बॉयलरमधील बिघाडामुळे निकामी झाली होती. त्यामुळे ‘खुकरी’ व ‘कृपाण’ या दोनच नौका निघाल्या. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला ‘खुकरी’चे कप्तान आणि तुकडीचे प्रमुख होते.

पाणबुडी होती ‘हंगोर’. फ्रान्समध्ये बांधलेली, ‘दाफ्ने’ वर्गातील, तेव्हा जेमतेम दोन वर्षांची. तिचे कप्तान कमांडर अहमद तस्नीम. ९ डिसेंबर १९७१ च्या संध्याकाळी दीवपासून सुमारे ४० सागरी मैलांवर दोन्ही बाजू समोरासमोर आल्या. पाकिस्तानी वृत्तांतानुसार अंधारात पेरिस्कोपमधून काही दिसेना, म्हणून ‘हंगोर’ सुमारे ४० मीटर खोल गेली आणि केवळ आवाजाच्या आधारे तिने पाणतीर सोडला. ‘कृपाण’वर सोडलेला तो पहिला पाणतीर फुटलाच नाही. दुसरा ‘खुकरी’ला लागला. नौका काही मिनिटांतच बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक मृत्युमुखी पडले. वाचलेल्या ६७ जणांना दुसऱ्या दिवशी पाण्यातून काढण्यात आले. कॅप्टन मुल्ला यांनी आपले जीवरक्षक जाकीट दुसऱ्याला दिले आणि ते नौकेबरोबर गेले, असे वाचलेल्यांनी सांगितले. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र देण्यात आले. दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुडीने युद्धनौका बुडविल्याची ही पहिलीच घटना होती.

इथपर्यंत फारसे दुमत नाही. मतभेद आहेत ते ‘का’ या प्रश्नावर.

वेग कमी का होता?

पाणबुडीच्या शोधात निघालेली नौका वेगाने आणि नागमोडी मार्गाने जाते, हा या विद्येचा प्राथमिक धडा मानला जातो. सरळ रेषेत, संथ जाणारी नौका पाणबुडीला आयते लक्ष्य ठरते. ‘खुकरी’ त्या संध्याकाळी नेहमीपेक्षा कमी वेगाने जात होती. तिच्यावर सोनारची क्षमता वाढविणारे एक नवे उपकरण बसविलेले होते. ते नौदलाच्याच एका तरुण अधिकाऱ्याने विकसित केले होते व त्याची चाचणी चालू होती. उपकरणाला अंधुक प्रतिध्वनी नीट टिपता यावेत यासाठी नौकेचा स्वतःचा आवाज, म्हणजेच वेग, कमी ठेवणे भाग होते. तो अधिकारीही त्या रात्री ‘खुकरी’वर होता. तो परतला नाही.

येथे थोडे तांत्रिक विवेचन आवश्यक आहे. सोनार म्हणजे पाण्यात ध्वनी सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून वस्तूचा शोध घेणारे यंत्र. ध्वनी नौकेपासून पाणबुडीपर्यंत जाऊन परत यावा लागतो. पाणबुडीला मात्र तो एकदाच, जातानाच, ऐकू येतो. म्हणजे शोधणाऱ्याचा सुगावा शोध लागण्याआधीच लागतो. त्यात उष्ण कटिबंधातील समुद्र. वरचा थर कोमट आणि खालचा थंड असल्याने ध्वनिलहरी वाकतात आणि थंड थराखाली असलेली पाणबुडी वरच्या नौकेला सापडत नाही. ‘खुकरी’चा सोनार मुळात अटलांटिक महासागराच्या थंड पाण्याचा विचार करून केलेला. ‘हंगोर’ची ऐकण्याची क्षमता त्याच्या कितीतरी पुढे होती. थोडक्यात, शिकारी आणि सावज यांची अदलाबदल झाली होती आणि ती किनाऱ्यावरच्या मुख्यालयाला अज्ञात असण्याचे कारण नव्हते.

मग अशा पाणबुडीवर दोन जुन्या फ्रिगेट का धाडल्या? युद्धकाळात हाताशी जे आहे तेच वापरावे लागते, हे अधिकृत उत्तर. पश्चिमी नौदल विभागाचे तत्कालीन प्रमुख व्हाइस ॲडमिरल एस. एन. कोहली यांनी ‘वुई डेअर्ड’ या पुस्तकात या युद्धाचा वृत्तांत दिला आहे. नौदलाच्या वतीने इतिहास लिहिणारे व्हाइस ॲडमिरल जी. एम. हिरानंदानी यांनी ‘ट्रान्झिशन टू ट्रायम्फ’मध्ये सोनारच्या मर्यादा, ते उपकरण आणि कमी वेग यांची चर्चा बऱ्याच मोकळेपणाने केली आहे. मात्र हिरानंदानी हे १९७१ मध्ये पश्चिमी ताफ्याचे ऑपरेशन्स अधिकारी होते. इतिहासकारच घटनेतील एक पात्र असेल, तर वाचकाने ती गोष्ट लक्षात ठेवून वाचावे, एवढे म्हणणे अनादराचे ठरणार नाही. मेजर जनरल इयन कार्डोझो यांनी २००६ मध्ये वाचलेल्या नौसैनिकांच्या आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध केले. जबाबदारी एकट्या कप्तानाच्या निर्णयावर ढकलता येते काय, हा प्रश्न त्यानंतर पुन्हा ऐरणीवर आला.

दुसरा वाद अधिक कडवट आहे. ‘खुकरी’ बुडत असताना ‘कृपाण’ तेथून निघून गेली. काही निवृत्त अधिकाऱ्यांनी याला पळ काढणे म्हटले. नौदलाने तसे मानले नाही. याबाबत प्रस्तुत प्रतिनिधीचे मत असे, की हा आरोप करताना २२ सप्टेंबर १९१४ ची आठवण ठेवावी. त्या दिवशी ब्रिटिशांची ‘अबुकीर’ ही नौका जर्मन पाणबुडीने बुडविली. बुडणाऱ्यांना वाचविण्यासाठी ‘होग’ आणि ‘क्रेसी’ या सोबतच्या नौका थांबल्या आणि त्याही तासाभरात त्याच पाणबुडीला बळी पडल्या. सुमारे १,४५० जणांचे प्राण गेले. बुडणाऱ्या नौकेजवळ थांबू नये, हा नियम तेव्हापासूनचा आहे. ‘हंगोर’ने तिसरा पाणतीर ‘कृपाण’वरच सोडला होता. तरीही रात्रभर पाण्यात तरंगणाऱ्या माणसाला हा नियम कसा समजावून सांगणार, हेही तितकेच खरे.

पाकिस्तानचा दावाही तपासून घ्यावा लागतो. तिसऱ्या पाणतीराने ‘कृपाण’चे नुकसान झाले, असे तिकडे सांगितले जाते. भारतीय वृत्तांतानुसार ती वेग वाढवून निसटली. १९६५ च्या युद्धातही पाकिस्तानने ‘आयएनएस ब्रह्मपुत्रा’ बुडविल्याचे जाहीर केले होते. ती धडधाकट असल्याचे भारताने परदेशी नौदल प्रतिनिधींना प्रत्यक्ष दाखविले. तो दावा ज्या पाणबुडीच्या नावावर होता, तिचे नाव ‘गाझी’.

विशाखापट्टणमचा स्फोट

‘गाझी’ ही मूळची अमेरिकेची ‘डायब्लो’. १९६४ मध्ये ती भाडेकराराने पाकिस्तानकडे आली. १४ नोव्हेंबर १९७१ रोजी कमांडर जफर मुहम्मद खान यांच्या नेतृत्वाखाली ती कराचीहून निघाली. विमानवाहू ‘विक्रांत’ला गाठणे आणि विशाखापट्टणमच्या तोंडाशी पाणसुरुंग पेरणे, ही तिची कामगिरी. ‘विक्रांत’ तेव्हा अंदमानकडे सुरक्षित होती. पूर्व विभागाचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल एन. कृष्णन यांनी ‘राजपूत’ या जुन्या विनाशिकेकडून बिनतारी संदेशांचा भडिमार करवून ‘विक्रांत’ विशाखापट्टणमजवळच असल्याचा आभास निर्माण केला. ही क्लृप्ती यशस्वी झाली, याविषयी फारसा वाद नाही.

अधिकृत वृत्तांतानुसार ३ डिसेंबरच्या मध्यरात्रीच्या सुमारास ‘राजपूत’ बंदराबाहेर पडली. पाण्यात संशयास्पद खळबळ दिसताच तिने डेप्थ चार्ज म्हणजे पाण्याखाली फुटणारे बॉम्ब टाकले. काही मिनिटांनी मोठा स्फोट झाला. शहरातल्या खिडक्यांची तावदाने हादरली. पुढे मच्छीमारांना अवशेष सापडले आणि ९ डिसेंबरला, म्हणजे ‘खुकरी’ बुडाली त्याच दिवशी, ‘गाझी’ बुडविल्याचे जाहीर करण्यात आले. ‘राजपूत’च्या कप्तानाला वीरचक्र मिळाले.

पाकिस्तानचे म्हणणे वेगळे. ‘गाझी’ आपल्याच पाणसुरुंगामुळे किंवा आतील स्फोटाने बुडाली, असे तेथील नौदल सांगते. हा केवळ पराभूताचा बचाव म्हणून सोडून देता आला असता. परंतु भारतीय नौदलाचे व्हाइस ॲडमिरल मिहिर रॉय यांनीही बॅटऱ्या भारित होताना साचणाऱ्या हायड्रोजन वायूच्या स्फोटाची शक्यता मांडली आहे. लेफ्टनंट जनरल जे. एफ. आर. जेकब यांचे कथन त्याहून चमत्कारिक आहे. ते तेव्हा लष्कराच्या पूर्व विभागाचे चीफ ऑफ स्टाफ होते. ‘सरेंडर ॲट डाक्का’मध्ये ते लिहितात, की ३ डिसेंबरलाच कृष्णन यांनी दूरध्वनीवरून पाणबुडीचे अवशेष मच्छीमारांना सापडल्याचे कळविले आणि हे ईश्वरी कृत्य असल्याचे म्हटले. दुसऱ्या दिवशी, आधीचे संभाषण विसरून जा, असेही सांगितले. कृष्णन यांच्या ‘नो वे बट सरेंडर’मध्ये अर्थातच ‘राजपूत’ला श्रेय आहे. दोन वरिष्ठ अधिकारी, दोन पुस्तके आणि एका दिवसाचे अंतर. ते एक दिवसाचे अंतरच महत्त्वाचे, कारण ‘राजपूत’ने डेप्थ चार्ज टाकण्याआधीच अवशेष सापडले असतील तर सगळा वृत्तांतच कोसळतो.

हा पेच सोडविणारी वस्तू समुद्राच्या तळाशी आहे. ती वर काढून देण्याची अमेरिका व सोव्हिएत संघाची तयारी भारताने स्वीकारली नाही, असे सांगितले जाते. २०२४ मध्ये नौदलाच्या खोल पाण्यातील बचाव यानाने विशाखापट्टणमजवळ ‘गाझी’चे अवशेष टिपल्याच्या बातम्या आल्या. मधल्या काळात २०१७ मध्ये तिच्यावर चित्रपटही येऊन गेला. त्यात ती दुसऱ्या भारतीय पाणबुडीशी लढताना दाखविली आहे. त्याला इतिहासाचा आधार नाही, पण नव्या पिढीच्या डोक्यात ‘गाझी’ म्हटले की तोच आहे.

कागद कुठे आहेत?

नौकेचा लॉग, बिनतारी संदेशांच्या नोंदी आणि चौकशी समितीपुढील जबाब यांवरून अशा शंका बऱ्याच अंशी मिटू शकतात. ‘गाझी’संबंधीची नौदलाची कागदपत्रे १९८० मध्येच नष्ट करण्यात आल्याचे वृत्त २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. कोलकात्यातील लष्कराच्या पूर्व विभागाचीही १९७१ ची बरीच दफ्तरे राहिलेली नाहीत, असे त्याच सुमारास उघड झाले. संरक्षण मंत्रालयाने तयार करविलेला या युद्धाचा इतिहास तर वर्षानुवर्षे पडून राहिला आणि २००० मध्ये एका इंग्रजी दैनिकाच्या संकेतस्थळामुळे लोकांसमोर आला. युद्धविषयक नोंदी साधारणतः २५ वर्षांत खुल्या कराव्यात, असे धोरण मंत्रालयाने २०२१ च्या जूनमध्ये जाहीर केले. १९७१ ला तेव्हा ५० वर्षे होत होती.

खुलाशांची ही सवय जुन्या युद्धापुरती नाही. ३१ डिसेंबर २०१४ च्या रात्री पोरबंदरपासून दूर अरबी समुद्रात एक संशयित पाकिस्तानी बोट जळून बुडाली. बोटीवरील लोकांनीच ती पेटविली, असे मंत्रालयाने सांगितले. तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनीही तेच मांडले. फेब्रुवारी २०१५ मध्ये तटरक्षक दलाच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने, ती उडविण्याचा आदेश आपणच दिला, असे जाहीर कार्यक्रमात सांगून टाकले. मंत्रालय आपल्या म्हणण्यावर ठाम राहिले. अधिकाऱ्याला बडतर्फ करण्यात आले.

‘हंगोर’ आता कराचीच्या सागरी संग्रहालयात आहे. पाकिस्तानी नौदल दर ९ डिसेंबरला तिचा दिवस पाळते आणि चीनकडून घेतल्या जाणाऱ्या नव्या पाणबुड्यांनाही तिचेच नाव दिले आहे. दीवच्या किनाऱ्यावर काचेच्या आवरणात ‘खुकरी’ची प्रतिकृती उभी आहे. त्याच नावाची दुसरी नौका मुंबईच्या माझगाव गोदीत बांधली गेली. ती १९८९ मध्ये नौदलात आली, २३ डिसेंबर २०२१ रोजी निवृत्त झाली आणि पुढच्याच महिन्यात संग्रहालयासाठी दीव प्रशासनाच्या हवाली करण्यात आली.