श्रीवर्धन : जन्मस्थानाचे स्मारक आणि गावाचा इतिहास

रायगड जिल्ह्यातील श्रीवर्धनचे पेशवे स्मारक भट घराण्यातील पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ यांच्या जन्मभूमीची साक्ष देते. दंडाराजपुरी व श्रीवर्धनची देशमुखी या घराण्याकडे होती. जंजिऱ्याच्या सिद्दीशी वितुष्ट आल्याने बाळाजींनी गाव सोडले. १७ नोव्हेंबर १७१३ रोजी छत्रपती शाहूंनी त्यांना पेशवेपद दिले. १७१९ मध्ये चौथाई व सरदेशमुखीच्या सनदा प्राप्त झाल्या. म्हणजेच स्मारक ज्या कर्तृत्वाचे आहे, ते श्रीवर्धनबाहेर घडले.

गावाचा इतिहास मात्र निराळ्या वाटेने गेला. पेशवाई १८१८ मध्ये अस्तास गेली. श्रीवर्धन त्यानंतरही १३० वर्षे, १९४८ मधील विलीनीकरणापर्यंत, सिद्दींच्या जंजिरा संस्थानात राहिले. पोफळीच्या वाड्या व रोठा सुपारी हे येथील अर्थजीवनाचे आधार ठरले. १९९८ मध्ये पूर्णत्वास गेलेली कोकण रेल्वेही माणगावमार्गे गेल्याने श्रीवर्धन लोहमार्गापासून दूरच राहिले.

सारांश, स्मारकातून गाव सोडून गेलेल्या थोर पुरुषाचे स्मरण होते. गावात राहिलेल्या बागायतदार, कोळी व संस्थानी प्रजेचे होत नाही. जन्मस्थानाचा गौरव म्हणजे स्थानिक इतिहास नव्हे. संस्थानकाळाची नोंद त्याच परिसरात झाल्यास हे स्मारक खऱ्या अर्थाने श्रीवर्धनचे होईल.