रस्ता हेच ज्यांचं ऑफिस, त्यांनी जायचं कुठे?



विषय जरा अवघड आहे, चारचौघांत न बोलण्यासारखा. पण कोणीतरी बोलायला हवं, म्हणून लिहितोय.

गेल्या ख्रिसमसच्या आधीचा आठवडा. केलीव्हिलमध्ये रणरणतं ऊन, मी घरून काम करत होतो. एक पंजाबी मुलगा पार्सल घेऊन दारात आला. सही झाली तरी जाईना. शेवटी खाली बघत म्हणाला, "अंकल, एक मिनिट वॉशरूम यूज कर सकता हूँ?" (मी अजून चाळिशीला टेकलेलो नाही, तेव्हा 'अंकल' लागलंच. असो.) मी गप्प. अनोळखी माणूस, घरात लहान मुलगी, टेबलावर ऑफिसचा लॅपटॉप... दोन सेकंदांत हे सगळं डोक्यात येऊन गेलं. तेवढ्यात सांगलीहून आलेली आई मागून म्हणाली, "अरे, बघत काय उभा राहिलायस? जाऊ दे की त्याला आत."

तो दोन मिनिटांत बाहेर आला. जाता जाता म्हणाला, की सकाळी सातपासून गाडीत आहे. दुकानांपाशी गाडी लावून आत जाऊन यायचं म्हणजे पंधरा मिनिटं, तेवढी पार्सलं मागे राहतात. म्हणून गाडीत एक रिकामी बाटली ठेवतो. तो गेल्यावर आई म्हणाली, "आम्ही एसटीनं जायचो तेव्हा सकाळपासून पाणीच प्यायचो नाही. बायकांचं हे असंच."

त्या दोन सेकंदांची मला नंतर लाज वाटली. मग या प्रश्नाचा इतिहास शोधायला बसलो. जे सापडलं ते थोडक्यात सांगतो.

सुरुवात आमच्या गावापासूनच. हॉक्सबरी नदीच्या काठी 1794 साली शेतवस्ती झाली आणि तिथलं धान्य सिडनी-पॅरामाटाला आणायला रस्ता लागला. आजचा विंडसर रोड त्यातूनच आला. गाडीवान आणि बैल, दोघांनाही वाटेत थांबावं लागायचं, म्हणून रस्त्याकडेला सराया उभ्या राहिल्या. त्यातलीच एक चालवणारा ह्यू केली. 1884 साली इथली जमीन तुकडे करून विकली गेली तेव्हा तिला नाव मिळालं 'केलीव्हिल इस्टेट'. म्हणजे आमच्या उपनगराला एका सराईवाल्याचं नाव आहे! आज त्याच भागात दिवसभर डिलिव्हरीच्या गाड्या फिरतात, आणि ड्रायव्हरला थांबायला जागा नाही.

सराईवरून आठवलं. भारतात कुठल्याही हॉटेलात फुकट पाणी आणि टॉयलेट मिळण्याचा हक्क 1867 च्या सराई कायद्यानं दिलाय, असा एक निरोप सगळ्यांच्या फोनवर फिरून गेला असेल. मी मूळ कायदा वाचला. सातव्या कलमात 'मुक्त प्रवेश' असे शब्द आहेत खरे, पण तो प्रवेश आहे तपासणीला येणाऱ्या मॅजिस्ट्रेटला किंवा त्यानं नेमलेल्या माणसाला! बाकी मालकानं खोल्या, गटारं, विहिरी स्वच्छ ठेवाव्यात, पहारेकरी ठेवावेत, दरपत्रक लावावं, एवढंच. रस्त्यानं जाणाऱ्या माणसाच्या हक्काबद्दल तिथे अवाक्षर नाही.

पुढचे कायदेही इमारतीलाच धरून आले. 1948 च्या फॅक्टरी कायद्याच्या कलम 19 नं कारखान्यात संडास-मुतारी सक्तीची केली, स्त्री-पुरुषांसाठी वेगवेगळी. त्याच वर्षी 1 जूनला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. पण कारखान्यातला कामगार एका जागी असतो, ड्रायव्हर नसतो. 1961 च्या मोटर ट्रान्सपोर्ट कामगार कायद्यानं ड्रायव्हर-कंडक्टरसाठी विश्रांतिगृहाची तरतूद केली, तीही जिथे रात्रीचा मुक्काम असेल तिथे. म्हणजे मुक्कामाची सोय झाली, पण वाटेत काय?

त्या 'वाटेत'ला वाचा फोडली ती आपल्याकडच्या बायकांनी. 2011 मध्ये मुंबईत 'राइट टू पी' मोहीम सुरू झाली. मुद्दा साधा होता. सार्वजनिक मुतारीत पुरुषांना फुकट आणि बायकांना मात्र पैसे, हे का? तिकडे पुण्याच्या 'मिळून साऱ्याजणी'नं उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. विद्या बाळ यांनी 1989 मध्ये सुरू केलेलं हे मासिक आपल्यापैकी अनेकांच्या घरी येत असेल. डिसेंबर 2015 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं राज्यातल्या महापालिकांना रस्त्यावर येणाऱ्या स्त्रियांसाठी स्वच्छतागृहांचा आराखडा करायला आणि त्यासाठी समित्या नेमायला सांगितलं. हा प्रश्न सन्मानानं जगण्याच्या हक्काचा आहे, ही भूमिका त्यामागे होती. भाजीवाली असो, कचरा वेचणारी असो की ऑफिसला निघालेली, हक्क रस्त्यावरच्या बाईचा. तिला कुठल्या इमारतीचं ओळखपत्र दाखवायची गरज नाही.

आता थोडं आपल्या धंद्याविषयी, कारण आपणही यात नामानिराळे नाही. 1959 मध्ये डँझिग आणि रॅम्सर यांनी पेट्रोलच्या ट्रकांचे मार्ग कसे आखावेत यावर एक शोधनिबंध लिहिला. आजची सगळी रूट सॉफ्टवेअरं त्याच घराण्यातली. त्या गणितात ट्रकची क्षमता होती, पंपांची मागणी होती, आणि एकूण अंतर कमीत कमी करायचं होतं. ट्रकमध्ये किती मावतं हे मोजलं, ड्रायव्हरला किती वेळ धरवतं हे नाही! आज सॉफ्टवेअरमध्ये ब्रेक टाकायची सोय असते, पण ती भरायची की नाही हे ठरवणारा माणूस एसी ऑफिसात बसलेला असतो, आणि टॉयलेट त्याच्यापासून वीस पावलांवर असतं. मार्च 2021 मध्ये अमेरिकेत अ‍ॅमेझॉननं आपल्या लोकांना बाटलीत लघवी करावी लागते हे ट्विटरवर उडवून लावलं. एप्रिलमध्ये माफी मागितली, आणि ड्रायव्हरना टॉयलेट सापडणं कठीण जातं हे मान्य केलं.

कायदे बदलले ते त्यानंतर. (ब्रिटनमध्ये माल पोचवायला येणाऱ्या ड्रायव्हरला त्या जागेतलं टॉयलेट वापरू द्यावं, असा नियम आधीपासून होता. तरी 2020 च्या कोविडमध्ये दारं बंद झाली आणि सरकारी खात्यांना तो पुन्हा सांगावा लागला.) न्यूयॉर्कमध्ये जेवण पोचवणारी मुलं संघटित झाली, आणि 24 जानेवारी 2022 पासून ऑर्डर घ्यायला आलेल्याला रेस्टॉरंटनं टॉयलेट वापरू देणं बंधनकारक झालं. कॅनडात ऑंटारिओनं 2 जून 2022 पासून तसाच हक्क दिला, तिथे माल घ्यायला येणाऱ्यालाही आणि द्यायला येणाऱ्यालाही. यात नवीन टॉयलेट एकही बांधलं नाही. असलेलं दार उघडलं, एवढंच.

आणि आपल्या न्यू साउथ वेल्समध्ये? 2011 चा कायदा चांगला आहे. त्याच्या व्याख्येत वाहन हीसुद्धा कामाची जागा, आणि कंत्राटावर काम करणाराही कामगारच. टॉयलेट, पिण्याचं पाणी, हात धुवायची सोय करणं ही धंदा चालवणाऱ्याची जबाबदारी. 2001 पासून देशातल्या सार्वजनिक टॉयलेटांचा सरकारी नकाशाही आहे. 26 ऑगस्ट 2024 पासून अ‍ॅपवरच्या कामगारांसाठी किमान अटी ठरवण्याचा अधिकार फेअर वर्क कमिशनला मिळालाय. पण नकाशावर टॉयलेट दिसणं वेगळं आणि तिथे जाऊन यायला पंधरा मिनिटं मिळणं वेगळं. ती मिनिटं रूटमध्ये धरलेली नसतील तर कायदा कागदावर, आणि बाटली गाडीत.

आणखी एक गोष्ट. ऑंटारिओच्या कायद्यातून राहती घरं वगळलेली आहेत, आणि ते योग्यच आहे. कोणाच्या घरात शिरण्याचा हक्क कायद्यानं देता येत नाही. पण केलीव्हिलसारख्या भागात त्या मुलाच्या दिवसभराच्या वाटेवर असतात ती घरंच. म्हणजे जिथे कायदा संपतो, नेमकं तिथे आपलं दार येतं.

कोणी विचारलं तर निदान दोन सेकंद गप्प राहायचं नाही, असं मी ठरवलंय. ज्यांना घरात घेणं अवघड वाटतं (एकटं राहणाऱ्या बायकांना वाटणारच, आणि त्यात काही चूक नाही), त्यांनी जवळचं उघडं टॉयलेट कुठे आहे हे माहीत करून ठेवावं आणि सांगावं. आणि आपल्यातले जे रूटिंग, लॉजिस्टिक्सच्या प्रोजेक्टवर आहेत, त्यांनी पुढच्या मीटिंगमध्ये एकच प्रश्न विचारावा: यात ड्रायव्हरच्या ब्रेकची मिनिटं धरली आहेत का?

आई मार्चमध्ये परत गेली. तो मुलगा मात्र अजून येतो. आता विचारताना खाली बघत नाही. 'अंकल' अजून म्हणतोच.

तुमच्या गावात काय परिस्थिती आहे, जरूर कळवा. चू. भू. द्या. घ्या.