सरकारी खानावळ

'सरकारी जेवण' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर इस्पितळातली पाणीदार डाळ नाहीतर कचेरीतल्या कँटीनचा कालचा समोसा येतो. पण इथे इंग्लंडात एकेकाळी सरकारने देशभर खानावळी चालवल्या आणि वकिलापासून हमालापर्यंत सगळे तिथे पैसे मोजून जेवत होते, हे सांगितलं तर खरं वाटेल?

सुरुवात पहिल्या महायुद्धातली. जर्मन पाणबुड्या धान्याची जहाजं बुडवत होत्या, भाव कडाडले होते. मे १९१७ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ब्रिज रोडवर राणी मेरीच्या हस्ते पहिलं 'नॅशनल किचन' उघडलं. हिशोब साधा. घरोघरी शेकडो चुली पेटवण्यापेक्षा एका मोठ्या भटारखान्यात रांधलं तर कोळसा वाचतो, नासाडी टळते आणि ताट स्वस्त पडतं. आम्हा इंजिनिअर लोकांना पटेल असंच हे गणित. पण युद्ध संपलं आणि थोड्याच काळात ही किचनंही बंद झाली.

दुसऱ्या महायुद्धात तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला. जानेवारी १९४० मध्ये रेशनिंग सुरू झालं. एप्रिलमध्ये लॉर्ड वूल्टन अन्नमंत्री झाले. हे गृहस्थ मूळचे मुरलेले राजकारणी नव्हेत, तर मोठ्या दुकानांच्या साखळीचे प्रमुख. गिऱ्हाईक कशाने येतं आणि कशाने पळतं, हे त्यांना पक्कं ठाऊक. सप्टेंबरपासून लंडनवर बॉम्ब पडू लागले आणि बेघर झालेल्यांसाठी सार्वजनिक जेवणाची केंद्रं निघाली. त्यांचं सरकारी नाव होतं 'कम्युनल फीडिंग सेंटर'. चर्चिलसाहेबांना ते अजिबात आवडलं नाही. त्यांना त्यात कम्युनिझमचा आणि गरिबांना डांबून ठेवणाऱ्या जुन्या आश्रमांचा वास आला. १९४१ मध्ये त्यांनी नवं नाव सुचवलं, 'ब्रिटिश रेस्टॉरंट'.

नाव बदललं इतकंच, असं वाटेल. पण माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे. फीडिंग सेंटरमध्ये माणूस मदत घ्यायला जातो, रेस्टॉरंटमध्ये जेवायला जातो. आत शिरल्यावर पैसे देऊन टोकन घ्यायचं आणि आपलं ताट आपण उचलून आणायचं. सूप, मटणाचा तुकडा, बटाटा, एखादी भाजी आणि शेवटी पुडिंग. साधारण नऊ पेन्स ते एक शिलिंगात पोट भरायचं आणि रेशनची कुपनं लागायची नाहीत. १९४३ पर्यंत अशी दोन हजारांवर रेस्टॉरंटं झाली होती. ती चालवायच्या स्थानिक नगरपालिका आणि हात लावायला स्वयंसेवक बायका.

आता तब्येतीचं बघू. अन्नखात्याचे शास्त्रीय सल्लागार होते जॅक ड्रमंड हे जीवरसायनशास्त्रज्ञ. जुलै १९४० पासून गरोदर बायका आणि पाच वर्षांखालच्या मुलांना रोज पाइंटभर दूध दोन पेन्सात मिळू लागलं, अगदी गरिबांना फुकट. १९४२ मध्ये पांढरा पाव जाऊन कोंडा बऱ्यापैकी राखलेल्या पिठाचा करडा 'नॅशनल लोफ' आला. लोकांनी त्याला मनसोक्त शिव्या घातल्या आणि खाल्ला. मुलांसाठी फळांचा रस आणि कॉडलिव्हर तेलही होतं. तेलाच्या वाटेला मात्र बऱ्याच आया गेल्याच नाहीत. पौष्टिक आहे म्हणून पोर तोंड उघडतंच असं नाही, हे कुठल्याही आईला विचारा! तरीही एवढ्या बॉम्बवर्षावात आणि टंचाईत युद्धाच्या अखेरीस बालमृत्यूंचं प्रमाण युद्धापूर्वीपेक्षा कमी होतं. त्याचं श्रेय एकट्या खानावळींचं नाही, पण स्वस्त, सकस आणि हाताशी असलेल्या अन्नाचं नक्कीच आहे.

पुढे काय झालं? १९४७ च्या कायद्याने नगरपालिकांना ही रेस्टॉरंटं चालू ठेवायची मुभा दिली, पण ती आपल्या पायावर चालावीत, तोटा होता कामा नये, अशी अट घातली. जुलै १९५४ मध्ये रेशनिंग संपलं, बाहेर हवं ते मिळू लागलं आणि सरकारी पुडिंगला गिऱ्हाईक उरेना. पन्नाशीच्या दशकात बहुतेक ठिकाणी टाळं लागलं. आज इथलं सरकार स्वतः काही रांधत नाही. एप्रिल २०१८ पासून ते जास्त साखरेच्या शीतपेयांवर कर लावतं. वाईट खाणं महाग करायचं, चांगलं खाणं स्वस्त करायचं काम मात्र बाजारावर सोडायचं.

आपल्याकडे १९९५ ला एक रुपयात झुणका-भाकर निघाली. सकस, स्वस्त आणि आपल्या मातीतली. पुढे त्यातल्या कित्येक केंद्रांवर वडापाव तळला जाऊ लागला, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलं असेल. २०२० मध्ये दहा रुपयांत शिवभोजन थाळी आली. अशा योजनांचं मोजमाप आपण बहुतेक वेळा थाळ्यांच्या आकड्यांनी करतो. वूल्टनसाहेबांच्या खानावळी बघितल्यावर मला वाटतं, खरा प्रश्न वेगळा विचारायला हवा. ज्याला परवडतं, तोही तिथे आपण होऊन जेवायला जातो का? तो जात असेल, तर गरिबालाही तिथे मान खाली घालून बसावं लागत नाही.