टाके निघाल्यानंतर : बरं होण्याच्या दिवसांचा इतिहास

शस्त्रक्रियेचा इतिहास सांगताना आपण सहसा ऑपरेशन थिएटरच्या दारापाशी थांबतो. १८४६ साली बोस्टनला ईथर, १८४७ साली एडिंबरोला क्लोरोफॉर्म, १८६७ साली लिस्टर यांचं कार्बोलिक ॲसिड, ही साखळी आपल्याला शाळेपासून ठाऊक असते. आज आपल्याला त्या दाराबाहेर यायचं आहे. पेशंट घरी आला, कॉटवर निजला, पुढे काय? हा भाग फारसा कोणी लिहून ठेवत नाही, कारण तो घडतो स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्या मधल्या जागेत. आणि त्यात एक प्रश्न सारखा आडवा येतो: बरं व्हायला जो वेळ लागतो, तो कुणाच्या वाट्याला येतो?

सुरुवात पुण्यापासून करू. १२ जानेवारी १९२४. येरवड्याच्या तुरुंगात सहा वर्षांची शिक्षा भोगत असलेल्या गांधीजींना अपेंडिसायटिस झाला म्हणून ससून रुग्णालयात आणलं होतं. सर्जन होते कर्नल मॅडॉक. रात्रीची वेळ, बाहेर वादळ. ऑपरेशन चालू असताना वीज गेली, मग परिचारिकेच्या हातातली बॅटरीही विझली आणि उरलेलं काम कंदिलाच्या उजेडात पुरं झालं. ही गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकली असेल. पण तिचा पुढचा भाग क्वचितच सांगितला जातो, आणि आपल्या विषयाला तोच हवा आहे.

जखम सरळ भरून आली नाही, तिच्यात पू झाला. पेनिसिलिनचा शोधच मुळी १९२८ चा. तेव्हा जखम धुणं, पट्टी बदलणं आणि वाट बघणं एवढंच हातात होतं. ५ फेब्रुवारीला सरकारने त्यांना बिनशर्त सोडलं. आजारपणामुळे सुटका व्हावी हे गांधीजींना मुळीच आवडलं नाही, आणि तसं त्यांनी मौलाना मोहम्मद अलींना कळवलंही. सुटल्यावरही ते मार्चपर्यंत ससूनमध्येच होते. म्हणजे अपेंडिक्सच्या एका ऑपरेशनसाठी जवळजवळ दोन महिने दवाखाना, आणि त्यानंतर मे महिना संपेपर्यंत जुहू. तिथे नरोत्तम मोरारजी यांचा समुद्रकाठचा बंगला त्यांना विश्रांतीसाठी मिळाला होता. सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन या बोटकंपनीच्या संस्थापकांपैकी हे एक. आणि तेव्हाचं जुहू म्हणजे मुंबईच्या हद्दीबाहेरचा, माडांचा, शांत किनारा.

शांत म्हणायचं, पण तिथे दर्शनाला माणसांची रीघ लागली. शेवटी गांधीजींना वर्तमानपत्रांतून लोकांना विनंती करावी लागली, की माझ्याजवळ शक्ती थोडी आहे, ती मला कामासाठी ठेवू द्या, भेटायला येऊ नका. एप्रिलमध्ये त्यांनी 'यंग इंडिया' आणि 'नवजीवन'चं संपादन पुन्हा हाती घेतलं. कौन्सिलप्रवेशाबद्दल मोतीलाल नेहरू आणि चित्तरंजन दास यांच्याशी दीर्घ चर्चा झाल्या त्याही याच बंगल्यात. आता याला विश्रांती म्हणायचं का, हे तुम्हीच ठरवा.

भेटायला येणाऱ्यांचा हा त्रास आपल्याला अगदी घरचा वाटतो, नाही का? कुणी शहाळं आणतं, कुणी मोसंबी. प्रत्येक जण आपल्या मावसभावाचं ऑपरेशन कसं बिघडलं ते सविस्तर सांगतो. प्रत्येकाला चहा होतो. पेशंट उशीला टेकून हसरा चेहरा धरून बसतो आणि आत गॅससमोर उभं असतं ते दुसरंच कुणीतरी. या 'कुणीतरी'कडे आपण थोड्या वेळाने येऊ.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. त्या काळी पोटाच्या ऑपरेशननंतर दोन-तीन आठवडे आडवं राहणं हा सर्वमान्य नियम होता. उठलं की टाके तुटतील, ही भीती. शिकागोच्या एमिल रीस या डॉक्टरांनी १८९९ मध्येच सांगितलं होतं, की आपण बायकांना गर्भाशयाच्या ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी उठवतो आणि त्या लवकर सुधारतात. फारसं कुणी ऐकलं नाही. मग १९४० च्या दशकात डेट्रॉइटचे डॅनियल लाइथाउझर यांनी तेच नेटाने मांडलं. महायुद्ध चालू होतं, खाटा आणि नर्सेस दोन्ही कमी पडत होते, तेव्हा कुठे लोक ऐकायला लागले. पडून राहिल्याने पायात रक्ताच्या गुठळ्या होतात, त्या फुप्फुसात जाऊ शकतात, छातीत कफ साठतो, हे ध्यानात आलं. ज्या विश्रांतीला आपण औषध समजत होतो, तिनेच काही माणसं दगावत होती. आपल्या चाळींमध्ये मात्र हा शोध आपोआपच अमलात येत असावा. संडास गॅलरीच्या टोकाला, मग पेशंटला भिंत धरधरून चालावंच लागणार!

१९८० च्या दशकात दुर्बिणीची ऑपरेशनं आली, नव्वदच्या दशकात डेन्मार्कच्या हेन्रिक केहलेट यांनी पेशंट लवकर खाता-चालता करण्याची पद्धत बसवली, आणि पित्ताशय काढलेला माणूस एक-दोन दिवसांत घरी यायला लागला. हे चांगलंच झालं. पण हिशेबाची दुसरी बाजू बघा. पूर्वी जे दहा-पंधरा दिवस वॉर्डात जायचे, ते आता घरात जातात. भांडं देणं, अंग पुसणं, पोटपट्टा बांधणं, गोळ्यांच्या वेळा, मऊ भात आणि मुगाचं वरण, हे काम नाहीसं झालेलं नाही. त्याचा पत्ता बदलला, आणि पगार बंद झाला.

हे काम करणाऱ्यांकडे एक जुना नमुना तयार होता: बाळंतिणीचा सव्वा महिना. शेक, गरम पाणी, डिंकाचे लाडू, वारा लागू द्यायचा नाही, जड उचलायचं नाही. ऑपरेशन ही नवी गोष्ट घरात आली तेव्हा बायकांनी ती याच चौकटीत बसवली. आंबट नको, वांगं नको, कळशी उचलू नको. यातल्या पथ्याला शास्त्राचा आधार फारसा नाही, असं आमचं मत आहे. पण 'कळशी उचलू नको' याला आहे, आणि शिवाय त्या सव्वा महिन्याने एक मान्य केलं होतं, की शरीराला लागणारा वेळ हा हक्काचा असतो.

कायद्याने हे मान्य केलं १९४८ मध्ये. कर्मचारी राज्य विमा कायदा आला आणि आजारी कामगाराला रजेच्या काळात मजुरीचा काही भाग मिळू लागला. आज त्यात वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस ७० टक्के मजुरी मिळते. पण त्यासाठी आस्थापना लागते, हजेरीपट लागतो. घरकाम करणारी बाई त्यात नाही. ऊसतोड मजूर नाही.

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यात सरकारी समितीने ऊसतोड करणाऱ्या ८२ हजारांहून अधिक स्त्रियांची पाहणी केली. त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. त्या वेळी चर्चा झाली ती ऑपरेशनं गरजेची होती का, याची. व्हायलाच हवी होती. आपला प्रश्न त्याच्या पुढचा आहे. हंगामाआधी नवरा-बायकोच्या जोडीने, म्हणजे एका कोयत्याने, मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती ऊस तोडून फेडायची. एक दिवस चुकला की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. डॉक्टर सांगतात, वजन उचलू नका. आणि तिचं काम काय? डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं.

जुहूला गांधीजींच्या दिमतीला समुद्रकिनारा होता, मित्रांचं घर होतं, सेवेला माणसं होती, आणि तरीही बरं व्हायला एकूण साडेचार महिने लागले. मोळी उचलणाऱ्या बाईचे टाके कुठल्या निराळ्या दोऱ्याचे नसतात. तिच्या पोटावरची जखम भरायलाही तेवढेच दिवस लागतात, आणि ते दिवस उचलीच्या हिशेबात कुठेच मांडलेले नसतात.

इथे थांबू. प्रश्न घेऊ या. मागच्या रांगेपर्यंत माइक जाऊ द्या.